कर्जाचा कागद

[कर्ज घेताना जो कागद पुढे येतो तो कसा वाचावा, त्यातील शब्दांचा अर्थ काय आणि सही करण्यापूर्वी काय विचारावे, हे या पाठात सांगितले आहे.]

मुलांनो, घरात शंभर रुपयांची नोट असेल तर ती घ्या आणि उलटी करून पाहा. मागच्या बाजूला एका चौकटीत पंधरा भाषांत नोटेची किंमत लिहिलेली असते. त्यात मराठी आहे आणि सर्वांत खाली उर्दूही आहे. नोटा छापणारा एक मोठा कारखाना आपल्याच राज्यात, नाशिकरोड येथे आहे. तेथे 1928 सालापासून नोटा छापल्या जातात. नाशिकरोडपासून थोड्याच अंतरावर, गोदावरीच्या काठी एकलहरे हे गाव आहे. तेथील वीज केंद्राच्या उंच चिमण्या फार लांबून दिसतात.

नोट आपली किंमत तुम्हांला तुमच्या भाषेत सांगते. कर्जाचा कागद असा सरळ नसतो. तो बहुधा मराठीत किंवा इंग्रजीत असतो, अक्षरे बारीक असतात आणि सही करण्याची जागा मात्र ठळक असते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा कागद आला की तो तुमच्याच हाती दिला जातो. "बेटा, वाच बरे, काय लिहिले आहे?" असे अब्बा किंवा अम्मी म्हणतात. त्या वेळी तुम्ही शिकलेली मराठी खरोखर कामाला येते.

घाबरू नका. कर्जाच्या कागदातील निम्मे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. 'कर्ज' हा शब्द तुमचाच आहे. 'रक्कम', 'मुदत', 'जामीन', 'वसुली', 'जप्ती', 'दस्तऐवज' हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि येथेच राहिले. मराठीतला 'तगादा' म्हणजे उर्दूतला तकाजा. 'थकबाकी'मधली बाकी तुम्हांला माहीत आहेच. काही शब्द मात्र नवे आहेत. कर्जाच्या मूळ रकमेला मराठीत 'मुद्दल' म्हणतात. तुम्ही तिला असल म्हणता. सूद म्हणजे 'व्याज'. रेहन म्हणजे 'गहाण'. कर्जाच्या बदल्यात सोने, जमीन, घर अशी जी वस्तू धनकोच्या ताब्यात किंवा नावे अडकवून ठेवली जाते, तिला 'तारण' म्हणतात. कर्ज देणारा तो 'धनको' आणि घेणारा तो 'ऋणको'.

एक शब्द मात्र फसवा आहे. 'हप्ता' हा शब्द ऐकला की तुम्हांला सात दिवस आठवतील. कर्जाच्या कागदात हप्ता म्हणजे किस्त. 'मासिक हप्ता' म्हणजे दर महिन्याला भरायची ठरलेली रक्कम. 'बारा हप्ते' वाचून बारा आठवडे समजू नका.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एकलहऱ्याला वीज केंद्राच्या रस्त्यावर एका गृहस्थांचे वेल्डिंगचे छोटे दुकान आहे. त्यांना नवे यंत्र घ्यायचे आहे आणि त्यासाठी बारा हजार रुपये कमी पडत आहेत. त्यांची मुलगी नववीत, उर्दू शाळेत शिकते. एके दिवशी दुपारी कर्ज देणाऱ्या एका संस्थेचा तरुण माणूस दुकानात येतो.

"चाचा, बारा हजार मिळतील. व्याज फक्त बारा टक्के. वर्षभरात फेडायचे. येथे सही करा, संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात जमा."

मुलगी कागद हातात घेते. "दादा, हे बारा टक्के महिन्याला की वर्षाला?"

"वर्षाला."

"आणि व्याज पूर्ण बारा हजारांवर लागणार, की फेडून जेवढे उरतील तेवढ्यावर?"

"अगं, बारा टक्के म्हणजे बारा टक्के. त्यात दोन प्रकार कुठले?"

"दोन प्रकार आहेत," मुलगी म्हणते. "अब्बा, आज सही करू नका. कागद घरी नेऊ."

मुलीचे बरोबर आहे. दोन प्रकार आहेत आणि त्यांत बराच फरक आहे. वही-पेन्सिल घ्या व हा हिशेब स्वतः करून पाहा.

पहिला प्रकार असा. बारा हजार रुपयांवर वर्षाचे बारा टक्के व्याज म्हणजे 1,440 रुपये. ते मुद्दलात मिळवले की 13,440 रुपये होतात. त्याचे बारा समान भाग केले की महिन्याचा हप्ता 1,120 रुपये. याला बाजारात 'फ्लॅट' दर म्हणतात. आपण त्याला मूळ रकमेवरचे व्याज म्हणू.

दुसरा प्रकार असा. दर महिन्याला एक हजार रुपये मुद्दल फेडायचे आणि त्या महिन्यात जेवढे मुद्दल शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज द्यायचे. वर्षाला बारा टक्के म्हणजे महिन्याला एक टक्का. पहिल्या महिन्यात बारा हजारांवर 120 रुपये, दुसऱ्या महिन्यात अकरा हजारांवर 110 रुपये, तिसऱ्या महिन्यात 100 रुपये, असे उतरत उतरत शेवटच्या महिन्यात 10 रुपये. या सर्वांची बेरीज 780 रुपये होते. याला घटत्या शिलकीवरचे व्याज म्हणतात.

दोन्ही ठिकाणी दर बारा टक्केच सांगितला होता. परंतु एकीकडे 1,440 रुपये व्याज आणि दुसरीकडे 780 रुपये. असे का झाले? पहिल्या प्रकारात सहा महिन्यांनंतर ऋणकोकडे धनकोचे निम्मेच पैसे उरलेले असतात, तरी तो व्याज पूर्ण बारा हजारांवरच देत राहतो. मूळ रकमेवरचे बारा टक्के घटत्या शिलकीच्या हिशेबाने मोजले, तर दर सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. तो तरुण खोटे बोलला नाही. त्याने फक्त अर्धी गोष्ट सांगितली. कर्जाच्या व्यवहारात अर्धी सांगितलेली गोष्ट फार महाग पडते.

गणिताच्या पुस्तकात तुम्ही 'द.सा.द.शे.' ही अक्षरे पाहिली असतील. दर साल दर शेकडा, म्हणजे वर्षाला शंभर रुपयांमागे. सावकार मात्र असे बोलत नाही. तो म्हणतो, "शेकडा पाच." ऐकायला पाच हा आकडा लहान वाटतो. पण सावकाराचा शेकडा महिन्याचा असतो. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ. दहा हजार घेतले आणि वर्षभर काहीच दिले नाही, तर सरळ व्याजाने सहा हजार रुपये व्याज होते. दर महिन्याचे न भरलेले व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावले, तर वर्षाअखेर दहा हजारांचे सुमारे 17,959 रुपये होतात. यालाच चक्रवाढ व्याज म्हणतात. म्हणून कोणी टक्के सांगितले की पहिला प्रश्न हाच विचारावा : महिन्याला की वर्षाला?

कागदावरची रक्कम आणि हाती येणारी रक्कम यांतही फरक असू शकतो. कर्ज मंजूर करण्याचे शुल्क, विम्याचा हप्ता, कागदपत्रांचा खर्च असे काही ना काही आधीच कापून घेतले जाते. समजा, बारा हजारांतून सहाशे रुपये कापले गेले. हाती 11,400 रुपये आले, पण व्याज बारा हजारांवर चालू झाले. काही घरांत व्याज देणे-घेणे टाळतात आणि बिनव्याजी कर्ज शोधतात. अशा कर्जालाही सेवाशुल्क असू शकते. ते किती आहे आणि वेळेवर पैसे न भरल्यास आणखी काय द्यावे लागेल, हे तेथेही विचारून घ्यावेच लागते.

आता थोडे मागे जाऊ. कागद न वाचता सही केल्याने काय होते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे.

एकोणिसाव्या शतकात पुणे, अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) या भागांतील बहुतेक शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नसे. ते सहीऐवजी नांगराची खूण करीत. सावकार कर्जरोखा लिही, शेतकरी त्यावर खूण करी. 1859 सालच्या एका कायद्याने असे ठरवले, की साध्या रोख्यावर ठरावीक वर्षांतच, साधारणपणे तीन वर्षांत, कोर्टात दावा करता येईल. हा कायदा शेतकऱ्याच्या सोयीचा वाटतो. घडले उलटेच. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. जुन्या रोख्याचे न दिलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहिले जाई. पुढे त्या व्याजावरही व्याज चढे. आपण आत्ता पाहिलेला चक्रवाढीचा हिशेब तो हाच. शेतकऱ्याला आपण किती घेतले आणि किती दिले, हे कळत नसे. पावती मिळत नसे. हिशेबाची वही सावकाराच्या घरी असे.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला चांगला भाव आला आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव उतरले आणि त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. सावकारांनी हात आखडला आणि जुन्या कर्जासाठी कोर्टाचे हुकूमनामे आणून जमिनी घेण्यास सुरुवात केली.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. तेथून हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या उठावाची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. ते सावकाराकडे रोखे मागत आणि मिळताच जाळून टाकत. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, पण ज्याच्या जोरावर आपली जमीन जाते, तो कागद त्यांना शत्रू वाटत होता. रोखे जाळून कर्ज फिटले नाही. पोलीस व लष्कर आले, अनेकांना अटक झाली. परंतु सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

त्यातून 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहावा, निबंधकाने तो मोठ्याने वाचून दाखवावा, शेतकऱ्याला तो समजला याची खात्री करून घ्यावी आणि मगच सही किंवा खूण घ्यावी, असे या कायद्यात होते. पैसे भरले की लेखी पावती मागण्याचा आणि वर्षातून एकदा हिशेब मागण्याचा हक्कही शेतकऱ्याला मिळाला. कागद वाचून दाखवा, एवढी साधी गोष्ट! तिच्यासाठी कायदा करावा लागला.

सावकारही काही स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. 'गहाणखत' म्हणजे जमीन कर्जासाठी अडकवली. कर्ज फिटले की ती परत मिळते. 'खरेदीखत' म्हणजे जमीन विकली. सावकार तोंडाने म्हणे, "पैसे दे आणि जमीन परत घे." कागद मात्र म्हणे, जमीन विकली. पुढे कोर्टात कागदच बोले. ही चाल अजूनही पूर्णपणे बंद झालेली नाही. घरातील कोणी जमिनीवर किंवा घरावर पैसे घेत असेल, तर कागदाच्या डोक्यावर कोणता शब्द लिहिला आहे, तो आधी वाचा.

सावकारीसाठी महाराष्ट्रात आज 2014 सालचा कायदा लागू आहे. परवाना नसलेल्या माणसाला सावकारी करता येत नाही. त्या वर्षी सरकारने व्याजाचे दरही ठरवून दिले : शेतकऱ्याला तारण कर्जासाठी वर्षाला 9 टक्के व विनातारण 12 टक्के, इतरांना तारण कर्जासाठी 15 टक्के व विनातारण 18 टक्के. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीच्या व्यवहारात कोणाची जमीन बळकावली गेली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झाले तर जमीन परत देण्याचा आदेश निघू शकतो. वेल्डिंगच्या दुकानात येऊन "शेकडा पाच" म्हणणारा मनुष्य या कायद्यात कोठे बसतो, ते तुम्हीच ठरवा.

बँका आणि कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते. रिझर्व्ह बँकेने 2024 साली एक चांगला नियम केला. 1 ऑक्टोबर 2024 पासून सर्वसामान्य माणसाला नवे कर्ज देताना त्याला आधी एक छोटे विवरणपत्र द्यावे लागते. त्यात कर्जाच्या मुख्य गोष्टी सोप्या रीतीने लिहिलेल्या असतात : रक्कम किती, मुदत किती, हप्ते किती, कोणकोणती शुल्के. व्याज व शुल्के मिळून वर्षाला खरा खर्च किती टक्के पडतो, हा एक आकडाही त्यात असतो. फ्लॅट दराची अर्धी गोष्ट या आकड्यापुढे टिकत नाही. दोन ठिकाणची कर्जे ताडून पाहताना हाच आकडा पाहावा. या पत्रात न लिहिलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही. आणि हे पत्र ऋणकोला समजेल अशा भाषेत असले पाहिजे. 1879 सालचा निबंधक मोठ्याने वाचून दाखवत असे. आता धनकोनेच समजेल असे लिहून द्यायचे आहे.

आणखी एक सोय आहे. कर्जाची मुदत सात दिवस किंवा जास्त असेल, तर या पत्रात दिलेल्या अटी मान्य करायला ऋणकोला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. म्हणून "आजच सही करा, उद्या योजना बंद" असे कोणी म्हटले तर गडबडून जाऊ नये. आपल्या गोष्टीतील मुलीने कागद घरी नेण्याचा हट्ट धरला, तो तिचा आगाऊपणा नव्हता.

गावोगावी असलेल्या पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर राज्याच्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालतात. तेथे असे विवरणपत्र मिळेलच असे नाही. तेथे आपणच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून मागावीत. मोबाइलवर एका बोटाने मिळणाऱ्या कर्जाबाबत तर जास्तच सावध राहावे. कर्ज देणारी बँक किंवा संस्था कोणती, हे जेथे लिहिलेले नाही, तेथे थांबावे. ज्याला आपल्या फोनमधील फोटो आणि सर्वांचे नंबर हवे असतात, त्याला ते कशासाठी हवे, याचा विचार करावा.

जामिनाविषयी अजून बोलायचे राहिले. आपल्याकडे शेजाऱ्याला, नातेवाइकाला "नाही" म्हणणे जड जाते. "भाईजान, नुसती सही तर आहे," असे कोणी म्हणतो आणि मोठी माणसे सही करून मोकळी होतात. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्यानुसार, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. ऋणकोने हप्ते थकवले तर धनको जामीनदाराकडे येऊ शकतो. आधी ऋणकोच्या मागे लागलेच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नसते. तेव्हा 'जामीनदार' या शब्दाखाली सही करणे म्हणजे ते कर्ज आपण फेडण्याची तयारी दाखवणे. तेवढे पैसे देण्याची ताकद नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. त्याने संबंध थोडे दिवस ताणले जातील. थकलेल्या कर्जाने ते कायमचे तुटलेले पुष्कळ पाहिले आहेत.

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही देऊ नये. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती एका पिशवीत जपून ठेवावी. सोने तारण ठेवले तर पावतीवर दागिन्यांचे वजन व शुद्धता लिहून घ्यावी. कर्ज फिटले की 'कर्ज बाकी नाही' असा दाखला मागून घ्यावा. पुष्कळ लोक येथेच कंटाळा करतात. हप्ता चुकणार असे दिसले तर तोंड लपवू नये. मुदतीआधीच बँकेत जाऊन अडचण सांगावी. बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे वसुली करणारे लोक धाकदपटशा करू शकत नाहीत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करणेही रिझर्व्ह बँकेने 2022 साली मना केले आहे. तक्रार करायची झाल्यास ती प्रथम बँकेकडेच लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे वकील लावावा लागत नाही व फी पडत नाही.

स्वाध्याय

1. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उर्दूतील 'हफ्ता' आणि कर्जाच्या कागदातील 'हप्ता' यांत काय फरक आहे?
(आ) सुपे येथील शेतकऱ्यांनी रोखे का जाळले?
(इ) मुलीने अब्बांना त्याच दिवशी सही का करू दिली नाही?

2. फरक सांगा : गहाणखत – खरेदीखत, ऋणको – जामीनदार.

3. हिशेब करा. सहा हजार रुपये कर्ज सहा महिन्यांत फेडायचे आहे. दर महिन्याला एक हजार रुपये मुद्दल आणि शिल्लक मुद्दलावर महिन्याला एक टक्का व्याज द्यायचे. एकूण व्याज किती होईल? तेच व्याज दर महिन्याला पूर्ण सहा हजारांवर घेतले तर किती होईल?

4. घरातील मोठ्या माणसांना विचारून बँकेचा, पतसंस्थेचा किंवा बचत गटाचा एखादा जुना छापील अर्ज मिळवा. त्यातील न समजलेले पाच मराठी शब्द वहीत लिहा आणि त्यांच्यासमोर उर्दू शब्द लिहा.